घर बाबांच्या नावावर, मत मुलुंडात आणि मी बदलापुरात

सई_बदलापूर

दोन महिने मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. थोडं लांबेल.

आईबाबांनी १९८८ साली मुलुंड पूर्वेला वन बीएचके घेतलं, ४२० चौरस फूट, १ लाख ८५ हजाराला. बाबा बँकेत, आई शाळेत, दोघांचा मिळून पगार ४,६०० च्या घरात. बाबांच्या डायरीत सगळा हिशेब आहे. १४ टक्क्यांनी कर्ज. आईच्या पाटल्या मोडून आलेले ११ हजार. आत्याकडून उसने ८ हजार, आणि तीन वर्षांनी त्याच ओळीपुढे वेगळ्या शाईत "परत केले". म्हणजे घराची किंमत दोघांच्या साडेतीन वर्षांच्या पगाराएवढीही नव्हती.

आज त्याच गल्लीत तेवढ्याच जुन्या घराला सव्वा कोटी सांगतात. माझा आणि नवऱ्याचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ४० हजार, म्हणजे जवळपास साडेसात वर्षांचा पगार. बँकेने १ कोटी दिले तरी साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता ८६ हजारांच्या वर जातो. आधी २५ लाख आपले हवेत. शिवाय मुद्रांक शुल्क, माझ्या एकटीच्या नावावर घेतलं तरी ५ टक्के म्हणजे सव्वासहा लाख. म्हणून आम्ही बदलापूरला भाड्याने राहतो. पाच वर्षांतलं हे तिसरं घर.

पण मी घर मिळत नाही म्हणून लिहीत नाहीये. मला बोलायचंय ते मताबद्दल.

२०२४ च्या मे महिन्यात लोकसभेसाठी आजीने घरी बसून मत दिलं. ती ८८ वर्षांची आहे, ८५ च्या वरच्यांना ती सोय असते. निवडणुकीचे कर्मचारी आले, सोबत पोलीस, एक जण चित्रीकरण करणारा. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आजीने चष्मा पुसला, मतपत्रिकेवर खूण केली, पाकीट स्वतः चिकटवलं. बाबांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा खरंच भरून आलं. १९६२ पासून एकही निवडणूक तिने चुकवलेली नाही.

मतदान २० मे ला, सोमवारी. मी बदलापूरहून सकाळी लोकलने मुलुंडला गेले, कारण माझं नाव अजून बाबांच्या पत्त्यावर आहे. केंद्रात फोन चालत नाही, तो एका किराणावाल्याकडे ठेवला. उन्हात पावणेदोन तास रांगेत उभी राहिले आणि मत दिलं मुंबई उत्तर पूर्वच्या खासदारासाठी. मी राहते ते भिवंडी लोकसभेत येतं, विधानसभेला मुरबाडमध्ये. उल्हास नदीचं पाणी पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येतं, सकाळी ७.१० च्या लोकलला मी दारात लटकते, आणि या दोन्हींबद्दल ज्याला जाब विचारायचा त्याला मी कधी मतच दिलेलं नाही.

दुसरी गोष्ट गेल्या महिन्यातली. बाबांच्या सोसायटीत पुनर्विकासावर सभा झाली, मी बाबांना सोडायला गेले होते. २८ सदनिका. ८ घरांत भाडेकरू, बहुतेक माझ्याच वयाचे. त्यांच्या स्वयंपाकघरांत छताचे पापुद्रे पडतात, सळ्या दिसतात. त्यांना सभेत बसताही येत नाही. मालक बोरिवलीहून, पुण्याहून आले, एक जण तर आलाच नाही. गणपूर्तीला १९ लागतात, २३ आले. बाजूने १३, विरोधात ८, दोघं तटस्थ. लागत होती १५. ठराव पडला. तटस्थ राहिलेल्या दोघांत माझे बाबा होते.

परत येताना गाडीत विचार करत होते. सोसायटीचं मत भागपत्राला (शेअर सर्टिफिकेटला) बांधलेलं असतं हे समजू शकते, ती शेवटी मालकांची संस्था आहे. पण शहराचं मतही तसंच होऊन बसलंय का? मत पत्त्याला चिकटतं, पत्ता मालकाला, आणि मालक बहुतेक करून साठीच्या पुढचा. आमचा करार दर अकरा महिन्यांनी संपतो. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? भाड्याच्या घरावर मत कोणी नोंदवलंय का?

मुलुंडकर_७२

सई, मी तुझ्या बाबांच्याच वयाचा आणि त्याच बाजूचा. तुझी पोस्ट दोनदा वाचली.

आकडे खरे आहेत. १९८५ साली मी घेतलं तेव्हा मुलुंड म्हणजे मुंबईचं टोक, ऑफिसातले लोक विचारायचे, एवढ्या लांब कशाला? म्हणजे तेव्हाचं मुलुंड हे आजचं बदलापूर. दोन दिवसांआड पाणी, फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट, पावसात चिखल तुडवत स्टेशन. आम्हाला कोणी ताटात वाढून दिलं नाही, एवढंच सांगायचंय. तरीही एक मान्य करतो. तेव्हा टोकाचं घर एका कारकुनाच्या आवाक्यात होतं. आज टोकाचंही नाही.

पण "मालक साठीच्या पुढचा" म्हणताना एक लक्षात घे. माझ्याकडे घर आहे, पैसा नाही. कंपनीत होतो, पेन्शन नाही. पीपीएफला १९८६ पासून २००० पर्यंत १२ टक्के व्याज होतं, त्याच हिशेबावर निवृत्तीचं गणित मांडलं होतं. आता ७.१ आहे. बायकोच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला दोन एफडी मोडल्या. कागदावर मी करोडपती, आणि महिन्याच्या २० तारखेला औषधांचा हिशेब करतो. ते करोड मला घर विकल्याशिवाय दिसणार नाहीत, आणि विकून जाऊ कुठे?

बाबा तटस्थ का राहिले, ते त्यांना एकदा शांतपणे विचार.

हिंजवडी_लातूर

ताई, अगदी माझ्या मनातलं. मी लातूरचा, आठ वर्षं पुण्यात, सहावं घर. नाव अजून गावच्या यादीत. विधानसभेला एसटीने गेलो, साडेतीनशे किलोमीटर, कारण गावात प्रत्येक जण विचारतो आलास का म्हणून. लोकसभेला सुट्टी जुळली नाही, गेलो नाही. पुण्यात तेव्हा ५३-५४ टक्के मतदान झालं आणि टीव्हीवर सगळे म्हणत होते, आयटीवाले आळशी, लोणावळ्याला गेले. माझ्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं. एकाचंही नाव पुण्यात नव्हतं. ज्याचं नावच यादीत नाही तो आळशी कसा?

मी प्रयत्न केला होता. मालकाकडे रजिस्टर्ड ॲग्रीमेंटची प्रत मागितली, मतदार नोंदणीसाठी म्हणून. मालक चांगला माणूस, दिवाळीला फराळ पाठवतो. पण त्या दिवशी आवाजच बदलला. म्हणाला, "मतदार कार्ड इथलं कशाला पाहिजे? उद्या जागा सोडणार नाही तुम्ही." पुढच्या महिन्यात ॲग्रीमेंट संपत होतं, त्याने वाढवलं नाही. मला पुन्हा ते धाडस झालं नाही.

रमा_वकील

हिंजवडी_लातूर, तुमच्या मालकाला वाटते ती भीती मी आठवड्यातून दोनदा ऐकते. तिला इतिहास आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. युद्धानंतरची टंचाई, फाळणीनंतर आलेली माणसं, तेव्हा ते गरजेचंच होतं. पण तात्पुरता म्हणून आणलेला तो कायदा मुदतवाढ मिळत पन्नास वर्षं टिकला. भाडेकरूला काढणं जवळजवळ अशक्य झालं. मालकांनी घरं भाड्याने देणंच बंद केलं किंवा पागडी म्हणजे सुरुवातीलाच मोठी रक्कम घेऊन दिली. एक अख्खी पिढी हेच ऐकत वाढली की भाडेकरू एकदा घुसला की निघत नाही.

३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. आज तुम्ही करता ती भाडेपट्टी नसते, लिव्ह अँड लायसन्स म्हणजे फक्त राहण्याची परवानगी असते. कलम ५५ नुसार तिची नोंदणी सक्तीची आहे, मुदत अकरा महिने असो की तीन वर्षं. मुदत संपली की कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून मालक ताबा परत घेऊ शकतो, आणि राहणाऱ्याने जागा अडवली तर दुप्पट रक्कम मागू शकतो. मतदार यादीत नाव लागल्याने यातलं काहीही बदलत नाही. मतदार ओळखपत्राने घरावर हक्क निर्माण होत नाही. हे वाक्य मालकांना दाखवा.

आता सईच्या प्रश्नाकडे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५०, कलम २०. त्यात स्पष्ट लिहिलंय की केवळ घर मालकीचं आहे किंवा ताब्यात आहे एवढ्यावरून कोणी त्या मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. म्हणजे कायद्याने मत पत्त्याला चिकटलेलं आहे, पण मालकीला नाही. जिथे राहता तिथे. सई, तुझा पत्ता बदलण्यासाठी नमुना ८. पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यांना नमुना ६. पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार चालतो, गॅसचं किंवा विजेचं बिलही चालतं. दोन ठिकाणी नाव ठेवू नका, तो गुन्हा आहे. नमुना ८ भरला की जुन्या ठिकाणचं नाव त्याच प्रक्रियेत निघतं.

मतदानाला मालमत्तेची अट लावण्याचे दिवस आपण मागे टाकले आहेत. मुंबई महापालिकेत स्वातंत्र्यापूर्वी कर किंवा ठरावीक भाडं भरणाऱ्यालाच मत होतं. प्रौढ मताधिकारावर पहिली निवडणूक १९४८ साली झाली. जी अट आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने काढून टाकली ती आपण भीतीपोटी परत लावून घेतोय, याचं मला फार वाईट वाटतं.

खेतवाडी

पागडीचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे चित्र उलटं आहे. आजोबांनी १९५२ साली पागडी देऊन गिरगावात दोन खोल्या घेतल्या. भाडं आजही महिन्याला शंभराच्या आत. मालकाचा नातू आमच्या इमारतीची दुरुस्ती करू शकत नाही कारण सगळ्या खोल्यांचं मिळून येणारं भाडं एका प्लंबरला पुरत नाही. जिन्याला टेकू लावलेत. आम्ही भाडेकरू, पण खोली दिली तर मालकाला त्याचा वाटा देऊन हातात कोटी येतात.

म्हणजे मालक गरीब, भाडेकरू श्रीमंत, आणि दोघांची पुढची पिढी डोंबिवली-विरारला. माझा मुलगा नालासोपाऱ्याला भाड्याने राहतो आणि मतदानाला इथे येतो. आला की आजीच्या खाटेवर झोपतो, मत देतो, जातो. आमच्या यादीतली निम्मी तरुण नावं अशीच आहेत. निवडणुकीत उमेदवारही आम्हा म्हाताऱ्यांनाच भेटायला येतात, कारण तेच घरात असतात. मग बोलणं पुनर्विकासाचं, पुनर्विकासाचं आणि पुनर्विकासाचं. मुलाच्या लोकलबद्दल कोणी शब्द काढत नाही.

बीएलओ_ताई

मी अंगणवाडी सेविका आहे आणि बीएलओचं, म्हणजे घरोघरी जाऊन मतदार यादी तपासायचं काम करते, ठाणे जिल्ह्यात. गाव सांगत नाही. यादीच्या दुसऱ्या बाजूने काय दिसतं ते लिहिते.

माझ्या भागात हजार-बाराशे नावं. घरोघरी जायचं असतं. मोठ्या संकुलात वॉचमन वर सोडत नाही, सेक्रेटरीची परवानगी आणा म्हणतो. सेक्रेटरी म्हणतात, भाडेकरूंचं तुम्ही कशाला बघता, ते राहणार थोडेच. मालकांच्या दारावर नावाची पाटी असते, भाडेकरूच्या दारावर आधीच्या माणसाची किंवा काहीच नाही. मी दुपारी जाते तेव्हा नोकरी करणाऱ्यांच्या दाराला कुलूप. म्हाताऱ्या माणसांच्या घरात मला पाणी मिळतं, सगळी कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत तयार असतात. भाडेकरूंच्या दारी तीनदा जाऊन कुलूपच दिसलं की ते नाव गैरहजर किंवा स्थलांतरित म्हणून लिहिलं जातं.

एकदा रविवारी गेले. एका घरात चार मुली, नर्सिंगच्या. चौघी वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या, एकीचंही नाव कुठेच नव्हतं, वयं २० ते २२. मी जिन्यातच बसून चौघींचे फॉर्म मोबाइलवर भरून घेतले. एकीने विचारलं, "ताई, आम्ही इथल्या आहोत असं चालेल का?" ते वाक्य अजून कानात आहे.

२०२२ पासून वर्षातून चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या दिवशी १८ पूर्ण झालं की नोंदवता येतं. पूर्वीसारखं जानेवारीची वाट बघायला नको. हे कॉलेजातल्या मुलांना सांगा, बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

दोघींतली_धाकटी

या सगळ्यात मुलींचं घर कुठे आहे?

वडिलांनी नाशिकला स्वतःच्या कमाईने बंगला बांधला. गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. तेरावं झालं त्याच आठवड्यात मामा म्हणाले, हक्कसोडपत्र करून टाका, भावाच्या नावावर घर होऊ दे, तुमची लग्नं झालीत, सोनं दिलंय. ताईने सही केली. मी केली नाही. चार वर्षं राखी झाली नाही.

मी भाड्याच्या घरात राहते, भाऊ स्वतःच्या. आमच्या दोघांच्या पगारात फार फरक नाही. फरक फक्त त्या सहीचा. पिढी-पिढीचं भांडण म्हणता तुम्ही, पण पुढच्या पिढीत संपत्ती उतरते तेव्हा ती सगळ्यांवर सारखी उतरत नाही. ज्याच्या आईबापाचं घर आहे आणि जो मुलगा आहे, त्याला उद्या मिळेल. बाकीच्यांना कधीच नाही.

रमा_वकील

धाकटी, सही न करण्याचा तुमचा हक्क होता. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, आई हयात असल्यास ती, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा. हे १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. इथे अजून एक सांगते, नेहमी विचारलं जातं म्हणून: सोसायटीतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनीने वारसांच्या वतीने सांभाळायचं असतं.

आणि ज्येष्ठांसाठी: जिवंतपणी घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करताना "माझा सांभाळ करशील" ही अट त्यात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार तेव्हाच भक्कम राहतो.

सांगली_शिक्षक

हा दुभंग आमच्या शिक्षक खोलीतही आहे. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेले जुन्या पेन्शनवाले, नंतरचे अंशदायी योजनेतले. टेबल एक, वर्ग तेच, डबाही वाटून खातो. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला तेव्हा आमच्या शाळेतले निवृत्तीला दोन वर्षं उरलेले सर आमच्यासाठी संपावर बसले, त्यांचा स्वतःचा काहीच प्रश्न नव्हता. त्यामुळे वय झालं की माणूस फक्त स्वतःचं बघतो, हे मला पटत नाही.

मेलबर्नकर

मी मूळची ठाण्याची, चौदा वर्षं इथे. ऑस्ट्रेलियात संघराज्याच्या निवडणुकीत मतदान १९२४ पासून सक्तीचं आहे, न दिल्यास २० डॉलर दंड. मतदान शनिवारी असतं. भाडेकरू असो की मालक, नाव यादीत असतंच. तरी घरांचा प्रश्न सुटला असं नाही. भाड्याने दिलेल्या घरांवरची करसवलत कमी करू म्हणणारा मजूर पक्ष २०१९ ला हरला. म्हणजे सगळ्यांनी मत दिलं तरी मालकांचं पारडं जड राहू शकतं. पण इथे भाडेकरूंच्या प्रश्नावर प्रत्येक पक्षाला काहीतरी बोलावं लागतं, कारण ती माणसं रांगेत येणार हे त्यांना माहीत असतं. मला ठाण्यात असताना भाडेकरूंबद्दल एकाही उमेदवाराने बोललेलं आठवत नाही.

हिंजवडी_लातूर

मेलबर्नकर ताईंचा मुद्दा फार नेमका आहे. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ केला. चांगलंच आहे, लहान घरवाल्यांना दिलासा. पण माझा मित्र अशाच घरात भाड्याने राहतो, त्याचं भाडं एक रुपयाने कमी झालं नाही, उलट करारातले वर्षाचे दहा टक्के वाढले. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकाला करात ४० टक्के सवलत आहे. मालक घर भाड्याने देतो तेव्हा ती जाते आणि तो बोजा भाड्यात येतो. वर मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी त्याच्याकडून भोगवटेतर शुल्क घेते, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत, तेही शेवटी आमच्याच खिशातून. सोसायटीत आमचं मत नाही, मान्य. पण पालिकेत आमचं मत असतं तर कोणीतरी विचारलं असतं ना?

आणि पालिकेचं तरी काय. २०१७ च्या फेब्रुवारीनंतर मुंबईची निवडणूक थेट २०२६ च्या जानेवारीत झाली. २०१७ च्या मार्चमध्ये जो १८ चा झाला त्याला नगरसेवकासाठी पहिलं मत २६ व्या वर्षी मिळालं. सवय लागणार कशी?

मुलुंडकर_७२

सई, तू बाबांना विचारलंस की नाही माहीत नाही. मी माझ्याबद्दल सांगतो. आमच्या सोसायटीतही दोन वर्षांपूर्वी हाच ठराव आला आणि मी विरोधात मत दिलं.

माझा एक मित्र, नाव कशाला, उपनगरातच. २०१५ साली इमारत पाडली. तीन वर्षांत नवं घर, तोवर बिल्डर भाडं देणार. पहिले १४ महिने भाडं आलं. मग थांबलं. तो ६८ व्या वर्षी ब्रोकरच्या मागे फिरत होता. चार वर्षांत तीन घरं बदलली. प्रत्येक वेळी देव्हारा, औषधांची पेटी, बायकोची व्हीलचेअर. तो गेला तेव्हा इमारत सातव्या मजल्यावर अडकलेली होती. त्याला दोन बाय दोन फुटाचं भागपत्राचं लॅमिनेशन करून भिंतीवर लावायची हौस होती. ते भाड्याच्या घरात खिळा ठोकू देत नाहीत म्हणून कपाटामागे उभं होतं.

आणि गोरेगावच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांचं काय झालं ते सगळ्या मुंबईने पाहिलं. २००८ चा पुनर्विकासाचा करार, आणि माणसं वर्षानुवर्षं घराबाहेर. त्यानंतर २०१७ ला रेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा आला, २०१९ ला पुनर्विकासाचे नियम सुधारले, सभेचं चित्रीकरण करतात, निबंधकांचा अधिकारी समोर बसतो, बँक हमी घेतात. सगळं खरं. पण बहात्तराव्या वर्षी माणसाकडे चुकायला वेळ नसतो.

तुम्हा मुलांना वाटतं आम्ही किमतीसाठी अडून बसतो. मला अकरा महिन्यांच्या करारावर राहायची भीती वाटते.

हे लिहिलं आणि थांबलो. कारण तू तसंच राहतेस, पाच वर्षं.

सई_बदलापूर

काका, रविवारी बाबांना विचारलं. आधी म्हणाले, सोड ना. मग आई आत गेल्यावर म्हणाले, "आजी या घरातून जाईल तेव्हा याच घरातून जाऊ दे. मग मी पहिली सही करतो." मला हे सुचलंही नव्हतं. मी सळ्या बघत होते, ते आजीची खाट बघत होते. तरी मी त्यांना म्हटलं की खालच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुलीच्या पाळण्यावर छताचा तुकडा पडला होता, तिला कोणी विचारलं का? ते गप्प बसले. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. सोसायटीने निदान संरचनात्मक तपासणी आणि ताबडतोबीची दुरुस्ती करावी असा अर्ज त्यांनी स्वतःच्या सहीने दिलाय आणि ज्या भागांत प्लास्टर पडलंय त्यांचे फोटो भाडेकरूंकडून मागवलेत. आठापैकी सहा घरांनी पाठवले.

आता माझं. रमाताई, तुमचा परिच्छेद मी घरमालकिणीला व्हॉट्सॲपवर पाठवला. त्या अंबरनाथला राहतात, नवरा वारलाय, या फ्लॅटच्या भाड्यावर घर चालतं. त्यांनी फोन केला. अर्धा तास बोललो. त्यांचे सासरे दादरच्या एका इमारतीचे मालक होते आणि भाडेकरूंशी खटला लढण्यात आयुष्य गेलं. त्यांना खरंच वाटत होतं की मतदार कार्ड म्हणजे कब्जा. शेवटी म्हणाल्या, "करारात एक ओळ वाढवू, की मतदार नोंदणीने जागेवर हक्क येणार नाही. मग माझी हरकत नाही." तशी ओळ चालेल ना?

रमा_वकील

चालेल. कायद्याने गरज नाही, पण त्यांना झोप लागत असेल तर जरूर घाला. पुढच्या नूतनीकरणाची वाट बघू नका. साध्या कागदावर दोघींच्या सहीने पत्र करून ठेवा.

खेतवाडी

मुलाला हा धागा पाठवलाय. त्याने एवढंच विचारलं की नाव नालासोपाऱ्याला नेलं तर आजीला वाईट वाटेल का. मतदानाच्या दिवशी तो येतो हेच तिला निवडणुकीचं कारण वाटतं. म्हटलं, मत तिकडे दे, आणि त्या रविवारी जेवायला इकडे ये.

दोघींतली_धाकटी

सई, तुझ्या बाबांनी घराचं पुढे काय ठरवलंय? विचारते कारण मी वेळेवर विचारलं नव्हतं.

सई_बदलापूर

विचारलेलं नाही अजून. भाऊ आहे, बंगळुरूला. तुमची पोस्ट वाचल्यापासून डोक्यात आहे. आजी असेपर्यंत तो विषय काढवत नाही, पण आईशी बोलेन.

नमुना ८ शनिवारी रात्री भरला. करार, विजेचं बिल, फोटो. काल बीएलओ आल्या, मी घरून काम करत होते म्हणून भेटले. दारावरची पाटी बघून म्हणाल्या, "इथे तर कुलकर्णी लिहिलंय." ते आमच्या आधीचे भाडेकरू. पाटी काढायला मालकिणीला विचारावं लागेल असं वाटून दीड वर्षं ती तशीच ठेवली होती. बाईंनी खुर्चीवर बसून माझा जुना पत्ता वाचला, मुलुंड पूर्व, आणि विचारलं, "किती वर्षं राहणार इथे?" मी म्हटलं, माहीत नाही, पण आत्ता इथेच राहते. त्यांनी मान डोलावली, टॅबवर काहीतरी दाबलं आणि शेजारच्या घरात कोण राहतं ते विचारलं. तिथे बीडहून आलेली दोन मुलं आहेत, रात्रपाळीची. मी म्हटलं, संध्याकाळी सहानंतर या, तेव्हा उठलेली असतात.

बीएलओ_ताई

सहानंतर जातील त्या. आम्ही जातो. शेजारच्या मुलांना आधार आणि करार हाताशी ठेवायला सांग, आणि पाटीवर आज कागदाच्या चिठ्ठीवर का होईना, तुमचं नाव चिकटव.